केशवापूरची ऑप्शनअक्का

अक्कांच्या घरात बापांना प्रवेश नव्हता. एरवी कुणीही यावं, चहा घ्यावा, दोन तास बसावं. पण इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे दिवस आले की पोरगं आतल्या खोलीत आणि बाप बाहेरच्या कट्ट्यावर. मराठी माणसाला "बाहेर बसा", कन्नड माणसाला "होरग कूड्री", आवाज दोन्हींचा सारखाच. वकील, बँकेतले साहेब, सगळ्यांना हाच कायदा. एकदा वर्दीतले एक इन्स्पेक्टर मुलाला घेऊन आले होते, तेही मुकाट्यानं कट्ट्यावर बसून पेपर वाचत राहिले. आयांना सवलत एवढीच, की कट्ट्याऐवजी खुर्ची मिळायची.

अक्का एका कॉलेजात ॲडमिशन सेक्शनला होत्या. निवृत्त झाल्यावर शेजारच्या एका मुलाचा फॉर्म पाहून दिला, मग त्याच्या मित्राचा, आणि दोन-तीन वर्षांत हुबळीतल्या अख्ख्या केशवापुरानं त्यांचं नाव ऑप्शनअक्का ठेवलं. कारण सीईटीनंतर कॉलेजांची पसंतीची यादी भरायची असते तिला ऑप्शन एंट्री म्हणतात, आणि त्या यादीत कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली हे अक्कांना विचारल्याशिवाय आमच्याकडं कुणी ठरवत नसे. त्या कुणाकडून काही घेत नसत. फार तर पेढे, तेही सीट मिळाल्यावर. आधी आणले तर परत पाठवत.

मार्क त्या शेवटी विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला: "कुठं जायचंय ते राहू दे. कुणापासून पळायचंय ते सांग आधी." पोरं गडबडायची. काही हसायची, काही रडायची. एका मुलीनं म्हणे ताडकन उत्तर दिलं होतं, "आजीपासून," आणि अक्कांनी तिला म्हैसूरपर्यंतची सगळी कॉलेजं लिहून दिली. मग पेन्सिलीनं यादी व्हायची. एकेका नावावर बोट ठेवून त्या विचारायच्या, "हे मिळालं तर रडत जाशील? रडत जाणार असशील तर खोडून टाक. लिहिलं की तेच मिळतं बघ." त्यांचा हा अनुभव इतका पक्का होता की पोरं भराभर खोडायची.

मी गेलो तेव्हा मलाही त्यांनी 'तम्मा', म्हणजे धाकट्या भावा, म्हणून तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "कुणापासून नाही." साफ खोटं. मला अप्पांपासून पळायचं होतं. दुर्गदबैलच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. कॉलेजातून येताना मी गल्ल्यावर बसणार, सुट्टीत माल उतरवून घेणार, आणि डिग्री झाली की दुकानाला एक इंजिनिअर मालक मिळणार, असा अप्पांचा सरळ हिशेब होता. मला पुणं हवं होतं. घरात मराठी, देवघरात मराठी, दिवाळी अंक पुण्याहून येणारे; पुणं आपलंच, तिथं आपल्याला कोण अडवणार, अशी माझी समजूत. त्यात बेळगावचा माझा एक मामेभाऊ सीमाभागातल्या मराठी मुलांच्या राखीव जागेवर पुण्यात लागला होता. त्याला मिळते तर मला का नाही?

अक्का समजावून थकल्या. "ती सोय बेळगाव-खानापूरकडच्या ठरावीक गावांना आहे, तम्मा. हुबळी त्या यादीत नाही. तिथं तू परराज्यातला. तुझी भाषा मराठी, पण तुझे कागद कर्नाटकाचे. सीट कागदाला मिळते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अक्कांना महाराष्ट्रातलं काय कळतंय. अठराव्या वर्षी माणूस किती शहाणा असतो ते आता आठवलं तरी कान तापतात.

पहिल्या फेरीत मला हुबळीतल्याच एका चांगल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. आमच्याकडं सीट लागली की चार पर्याय येतात. एक म्हणजे सीट घेतली, विषय संपला. दोन म्हणजे सीट ठेवली, पण पुढच्या फेरीत आणखी चांगली मिळते का बघणार. तीन म्हणजे ही नको, पुढची बघू. आणि चार म्हणजे मी यातून बाहेर, मला कर्नाटकात काहीच नको. मी अक्कांकडं गेलो. अप्पा कट्ट्यावर. अक्का म्हणाल्या, "दोन. सीट हातात ठेव. पुण्याचं काय होतंय कळू दे, मग सोडता येते. धरलेलं सोडता येतं, सोडलेलं धरता येत नाही." मी "हौद अक्का", म्हणजे हो अक्का, म्हणालो आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसून मी चार दाबलं. चुकून नव्हे, विचार करून दाबलं. हुबळीची सीट हातात राहिली तर अप्पा मला कधीच सोडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. परतीचा रस्ताच ठेवायचा नाही, असं माझं शौर्य.

पुण्याची यादी लागली. परराज्यातल्या मुलांच्या जागा मूठभर, आणि माझा नंबर त्यांच्या आसपासही नव्हता. राखीव जागेच्या अर्जावर 'अपात्र' आलं होतं. अप्पा म्हणाले, "जाऊ दे, आपली हुबळीची आहेच की." माझ्या तोंडातून निघून गेलं, "ती नाही आता. अक्कांनी चार दाबायला सांगितलं होतं."

हे वाक्य बोलायला मला काहीच वेळ लागला नाही. आत आम्ही दोघंच होतो. अप्पा कट्ट्यावर होते. अक्कांच्याच कायद्यामुळं माझ्या खोटेपणाला साक्षीदार उरला नव्हता.

अप्पा तरातरा केशवापुरात गेले. मी मागून. त्या दिवशी ते पहिल्यांदा आतल्या खोलीत शिरले. "अक्का, पोराचं वाटोळं केलंत तुम्ही!" कट्ट्यावर चार बाप बसले होते, सगळ्यांनी ऐकलं. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. आता त्या सांगतील, मी दोन म्हटलं होतं, आणि माझी धडगत नाही, असं वाटून मी जमिनीकडं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "मी चार म्हटलं, तम्मा?" मी मान हलवली. होय अशी. अक्का खाली बसल्या. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या.

मी त्या वेळी सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगतो, टाकला. मला वाटलं, मला वाचवायला त्यांनी अंगावर घेतलं. किती मोठ्या मनाच्या आहेत, असा विचार करत मी पुण्याला गेलोसुद्धा. अप्पांनी नवनगरातला प्लॉट विकून मला पुण्याबाहेरच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या जागेवर मेकॅनिकलला घातलं. मला मेकॅनिकलची आवड नव्हती, अजून नाही. नोकरी करतो, पोट भरतं.

सुट्टीत घरी आलो की कळायचं, अक्कांनी काम बंद केलंय. कुणी पोरगं आलं तर "मला नाही कळत आता" म्हणून दारातूनच परत पाठवतात. कट्टा मोकळा. पुढं घर विकून त्या नवनगरात पुतण्याकडं राहायला गेल्या. मी एकदाही गेलो नाही. अप्पांनी दुकानात त्यांचं नाव काढू दिलं नाही, आणि मी त्याचा आडोसा घेतला. अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही त्यांच्या मनात अक्काच गुन्हेगार होत्या.

यंदा चुलत बहिणीची मुलगी बारावी झाली. बंगळूर, कोल्हापूर, हुबळी असा घोळ. बहीण म्हणाली, "ऑप्शनअक्का असत्या तर बरं झालं असतं. तुझ्या वेळी चुकल्या आणि मग सुटलंच त्यांचं." ती सहज बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नवनगर गाठलं. बारा वर्षं लागली मला त्या दारापर्यंत जायला.

अक्का ओसरीवर शेंगा सोलत होत्या. बारीक झाल्या होत्या, पण ओळखलं लगेच. "ये की, बस." मी बसलोच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं: तुम्ही दोन म्हणाला होता, चार मी माझ्या मनानं दाबलं आणि नाव तुमचं घेतलं. शेवटी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतंच म्हणा. मला वाचवायला तुम्ही अंगावर घेतलंत."

त्यांचे हात थांबले. "मला कुठं माहीत होतं?"

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"त्या दिवशी तुझ्या आधी एक मुलगी आली होती. तिला दुसरीकडं डेंटल मिळालं होतं, इंजिनिअरिंग नकोच होतं, म्हणून तिला मी चार सांगितलं. तुझे अप्पा ओरडले तेव्हा मला वाटलं, तिचं तुला सांगितलं मी. किती आठवलं, पण खात्री होईना. म्हटलं, डोकं चालेनासं झालंय आपलं. आज याचं झालं, उद्या आणखी कुणाचं होईल. म्हणून सोडलं सगळं."

मी खाली बसलो. त्यांनी मला पाठीशी घातलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःपेक्षा जास्त.

"तेव्हा सांगायचं रे, तम्मा," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, आणि रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. "मी आणखी दहा वर्षं बसले असते की."

मग काहीतरी भरून काढावं म्हणून मी विचारलं, बहिणीच्या मुलीला घेऊन येऊ का, तिची यादी तेवढी बघाल का.

"नको," अक्का म्हणाल्या. "नियम बदलले सगळे, मी काही बघितलं नाही इतकी वर्षं. आता खरंच चुकेल माझं."