नितळ पाण्याची बाटली

बजाजनगरातल्या आमच्या गल्लीच्या बोअरला पिवळं पाणी यायचं. शेजारच्या कारखान्याविरुद्धचा दावा आम्ही गल्लीकरांनी जिंकला. नाल्यात रसायन सोडायला मनाई झाली आणि कारखाना अपिलात हायकोर्टात गेला. दरम्यान पाणी हळूहळू नितळ झालं. मी आनंदानं एक बाटली भरली आणि अपिलात आमची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंकडे नेली.

त्यांनी बाटलीला हातही लावला नाही. "काका, ही घरी न्या. वरचं कोर्ट सहसा नवा पुरावा घेत नाही. खालच्या कोर्टात दाखवलेलं पिवळं पाणीच तिथं चालेल."

"पण मनाईमुळंच पाणी सुधारलं ना?"

"समोरचे वकील म्हणतात, सुधारलंय, तर मनाई उठवा."

म्हणजे हे नितळ पाणी आमच्या बाजूचं की त्यांच्या, हे मला घरी पोचेपर्यंत उलगडलं नाही.

बायकोनं बाटली उजेडात धरली. "मग हे प्यायचं का नाय?"

"बाईंना विचारतो."

"आता तहान लागली तरी वकिलाला विचारा!" ती हसली, पण घोट तिनंही घेतला नाही. बाटली अजून ओट्यावर आहे आणि पिण्याच्या पाण्याचा जार आम्ही विकतच घेतो.