मधली भुकटी

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी बायको गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. उभी हयात अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची चाकं खोलण्यात घालवली. बोलणंही तसंच, पाना आपटल्यासारखं.

मुलगी डहाणूला दिली आहे. तिचा फोन आला की मी खाटेवरून ओरडायचो, "यायचं तर ये म्हणावं, नाहीतर राहू दे." बायको फोनमध्ये सांगायची, "बाबा वाट बघतायत गं." आमचं बोलणं असंच चालत आलं. बायको गेल्यावर फोन माझ्या हातात आला. मुलगी "जेवलात का" विचारायची आणि ठेवून द्यायची. आईच्या वर्षश्राद्धाला येणार की नाही, तेही बोलेना. मीही विचारलं नाही.

एका रविवारी जावई एकटेच झरीला आमच्या घरी आले. ते शाळेत विज्ञान शिकवतात. ओट्यावर सोलरचा कंदील उन्हात ठेवला होता, त्याच्या वरच्या काळ्या पट्टीकडे बघत म्हणाले, "मामा, सूर्य नसला तरी अशी पट्टी वीज देऊ शकते."

"थापा मारू नका."

"खरंच. काही धातू आपोआप फुटत राहतात, वर्षानुवर्षं किरण फेकतात. ते सरळ पट्टीवर सोडले तर पट्टी खराब होते. म्हणून मध्ये एक भुकटी ठेवतात. किरण ती झेलते, स्वतः उजळते. तो उजेड पट्टीला मिळतो, त्याची वीज होते."

"मग बसवा आमच्या कंदिलात."

"छे, वीज अगदी एवढीशी. ऊन पोचत नाही अशा जागच्या यंत्रापुरती."

"आणि त्या भुकटीचं काय होतं?"

"मार खाऊन मंद होते. बऱ्याचदा तीच आधी संपते. धातू आपला फेकतच राहतो."

मी कंदिलाच्या पट्टीवरची धूळ बोटाने पुसली. मला समजलं नाही असं वाटून ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

"कळलं हो. मास्तरकी शाळेत करा."

चहा झाल्यावर ते हळूच म्हणाले, "वर्षश्राद्धाला तुम्ही बोलावलं नाही म्हणून ती रुसून बसलीय. मी सांगू का तिला?"

"सांगा" तोंडापर्यंत आलं होतं. म्हणजे बायकोनंतर आता यांना मध्ये ठेवायचं.

"फोन लावून द्या," मी म्हणालो.

"आईच्या श्राद्धाला ये," मी मुलीला म्हणालो. नेहमीचं पुढचं 'नाहीतर राहू दे' मी गिळलं.

"बाबा, मी यावं असं तुम्हाला वाटतंय का?"

"वाटतंय म्हणूनच फोन केला ना. डोकं आहे का तुला?"

पलीकडे ती हसली की रडली, मला ओळखता आलं नाही. बायकोला आलं असतं.

"आदल्या दिवशीच येते," ती म्हणाली.