गाडी न विकणारा गाडीवाला

जुन्या गाड्या विकणारे मी बरेच पाहिले. पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की चेहरा खुलणारा दुकानदार आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याशीच मी खोटं बोललो. वाशीत आमच्या नव्या वसाहतीच्या टोकाला त्याचं पत्र्याचं आवार होतं. साठीचा, सावळा, कानात सोन्याची बाळी. त्याच्या भातखाचरांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आलेल्या पैशांतून त्याने हा धंदा काढला. सगळे त्याला शेठ म्हणत. शेठ गाडी ओळखायचा ती आधीच्या मालकावरून. "ती वकिलाची. आवाज लय, चढावर दम नाय." "ही मास्तराची. सुट्टीच्या दिवशी चालू व्हायाची नाय." एवढं सांगून तो गिऱ्हाइकाला जेवायला बसवी. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. एक शाकाहारी गृहस्थ नुसती भाकरी नि गूळ खाऊन, गाडी न घेता, तृप्त होऊन गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला गाडी हवी होती आईसाठी. महाडला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नव्हती. "एकदा ताईला बघून येते, मग मला काही नको," असं ती रोज म्हणे आणि मी रोज "या रविवारी" म्हणे. शेठने पहिल्याच दिवशी विचारलं, "बसनार कोन?"

"आई."

"मंग तिला आन की. तुला बघून काय करू?"

पुढचे सात रविवार मी आईला तिथे नेत होतो. शेठ तिला एकेका गाडीत बसवी, उतरवी, पुन्हा बसवी, आणि स्वतः उकिडवा बसून तिच्या गुडघ्यांकडे बघत राही. "उठताना कळ आली ना, आये?" आई भिडेने "नाही हो" म्हणे. "तोंड सांगतंय ना तुजं!" असं शेठ म्हणाला की ती गाडी बाद. कुठे सीट खाली, कुठे दार अरुंद. वकिलाच्या गाडीला तर त्याने तिला हातसुद्धा लावू दिला नाही. शेवटी मी वैतागलो. "शेठ, घेतोय मी, तुमचं काय जातंय?"

"माजं काय नाय जात. तिचं गुडघं जातील."

आठव्या रविवारी मी त्याला सांगितलं, गाडीचा विचारच सोडला. "बरं केलंस," तो म्हणाला आणि मला जेवूनच जा म्हणाला. मी जेवलोही. त्याच आठवड्यात मुंबईतल्या एका दुकानातून मी एक चकचकीत हिरवी गाडी घेतली. तिथल्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला हसून हो म्हटलं; बसणार कोण, हे मात्र विचारलं नाही. शेठचं आवार लागू नये म्हणून मी मागच्या रस्त्याने घरी आलो. आई म्हणाली, "शेठना दाखवून आणूया का रे?" मला ऐकूच आलं नाही.

कर्नाळ्याच्या पुढे ती गाडी बंद पडली. भर ऊन, आई मागच्या सीटवर, गुडघे छातीशी आलेले. तिला उतरताही येईना. जवळच्या पेट्रोल पंपावर फोन होता, आणि गाडी असलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. नंबर फिरवायला मी पंधरा मिनिटं लावली. आई उन्हात होती आणि मी माझी लाज सांभाळत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दीड तासाने शेठ आला, त्याच्या घरच्या पांढऱ्या गाडीतून. हिरव्या गाडीभोवती एक फेरी मारली. "ही कोनाची?"

"माझी."

"म्हंजे खोटारड्याची," तो म्हणाला, आणि आईला हात देऊन आपल्या गाडीत बसवायला गेला. महाडला दोघी बहिणी तिन्हीसांजेपर्यंत एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. शेठ ओटीवर बसून राहिला. एकदाही "निघू या" म्हणाला नाही. महिन्याभरात मावशी गेली.

त्या रात्री महाडहून परत येताना त्याने हिरवी गाडी दोराने ओढत आपल्या आवारात आणली. मी म्हटलं, विकून टाका. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक तिच्या टपावर थाप मारून विचारत होतं, "ही कोणाची?" आता तो शब्द येणार म्हणून मी वकिलाच्या गाडीआड उभा राहिलो.

"ती आयेची," शेठ म्हणाला. "सीट वर घेतलीय, दार मोठं केलंय. पोरगा चालवतो. ईकायची नाय."

पुढे आई त्या गाडीतून खूप हिंडली. आता आई नाही, शेठ नाही, आवाराच्या जागी सोसायटी झाली आहे. त्या माणसाची माफी मागायची माझी राहूनच गेली. दर वेळी त्याने जेवायला बसवलं आणि विषय मागे पडला. हिरवी गाडी अजून आमच्या इमारतीखाली उभी असते. कधीमधी कुणी विचारतं, देणार का? मी लगेच नाही म्हणत नाही. आधी विचारतो, बसणार कोण?