कोलेटाने घेतलेलं नाव

कोलेटाच्या तोंडी लागायला गावातली डुकरंसुद्धा भीत. रताळ्याच्या वाफ्यात डुक्कर शिरलं की ती त्याच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मालक घरात असूनही बाहेर यायचा नाही. रविवारी प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून ती अशी मोठ्याने जांभई द्यायची की फादर घाईघाईने आमेन म्हणून मोकळे व्हायचे. अशी ही बाई. पण थोरला भाऊ पायवाटेवर दिसला की सुपारी एका गालात सारायची, वाट सोडून गवतात उभी राहायची आणि तो पुढे जाईपर्यंत मान खाली घालायची. ग्वाडलकॅनल बेटाच्या या दक्षिण किनाऱ्यावर सगळ्याच बहिणी तशा वागतात. बहीण भर बैठकीत भावाचा शब्द खोडत नाही, आणि त्याचं नाव तर जन्मात घेत नाही. कोलेटाला दोन भाऊ, एक थोरला आणि एक पाठचा. थोरल्याला ती 'पोरांचा मामा' म्हणायची आणि धाकट्याला नुसतं 'धाकट्या'.

हा मान भावांना फुकट मिळालेला नव्हता. कोलोवाटीचं खोरं आईकडून लेकीकडे येत आलं होतं. कोलेटाला ते तिच्या आईकडून मिळालं आणि पुढे तिच्या लेकीला, बिबियानाला, जायचं होतं. भावांनी तिथे मळा करावा, घर बांधावं, पण जमीन बहिणीची. बाहेरचं कोणी आलं तर मात्र बोलायचं भावाने. 'जमीन बाईची, तोंड भावाचं,' असं म्हातारी माणसं सांगत. तोंड भावाचं असलं तरी शब्द बहिणीचाच असायचा, आणि हे कोणी कोणाला समजावून सांगायची वेळ आजवर आली नव्हती.

त्या खोऱ्यातल्या ओढ्याचं पाणी गाव पीत होतं. वरच्या उतारावर कोलेटाच्या आजीने लावलेली रानबदामाची झाडं होती. ज्या वर्षी वादळाने सगळा पोसलेला टॅरो, म्हणजे अळूचे कंद, समुद्रात नेला, त्या वर्षी अख्ख्या गावाने दोन महिने त्या बदामांवर काढले होते. तेव्हा मदतीला कुठली कंपनी आली नव्हती.

कंपनी आली ती झाडं तोडायला. तिच्या माणसांनी विचारलं, "मालक कोण?" थोरला म्हणाला, "मी." एवढ्यावर काम भागलं. आठवडाभर त्यांनी त्याला शहरातल्या हॉटेलात ठेवलं, आणि तो परतला तो नवे बूट, तांदळाच्या गोण्या आणि एक जनरेटर घेऊन. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणायचं?

"तुझ्या पोरांच्या मामाकडे दिवे आले म्हणे," शेजारची आग्नेस ओढ्यावर म्हणाली.

"आले ना. डिझेल संपलं. आता जनरेटरच्या शेजारी अंधारात बसतो." कोलेटा हसली, पण कपडे मात्र दगडावर असे आपटले की आग्नेसने पुढे काही विचारलं नाही.

मग बैठक लागली. सरकारचा साहेब कंपनीच्याच बोटीतून आला, कंपनीचीच कोंबडी जेवला आणि चर्चपुढच्या आंब्याखाली कंपनीच्याच खुर्चीत बसला. कागद इंग्रजीत वाचला गेला. रस्ता होईल, दवाखाना होईल, शाळेला पत्रे मिळतील. सगळं 'होईल'. आजचं नक्की एवढंच, की झाडं जातील. थोरला उठला आणि म्हणाला, "आम्ही सगळे तयार आहोत. जमिनीच्या वतीने मी सांगतो."

कोलेटा सगळ्यात पुढे बसली होती. तिथेच उठून 'खोटं आहे' म्हटलं असतं तर? पण चारचौघांत भावाला खोडणं म्हणजे त्याचे कपडे उतरवणं, आणि ते बहिणीने करायचं नसतं. अशा वेळी बायकांनी काय करायचं हे या किनाऱ्यावर फार पूर्वी ठरलेलं आहे. ती उठली, साहेबाकडे आणि भावाकडे पाठ केली आणि चालू लागली. तिच्या मागोमाग एकोणीस बायका उठल्या. अंगावर बाळं पीत असलेल्याही उठल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. याहून मोठा नकार इथे नाही. एकदा अशाच बायका उठून गेल्या होत्या, तर दोन गावांनी ठरलेली लढाई मोडली होती. थोरल्याने सुपारीसाठी उघडलेला चुन्याचा डबा बंद केला. त्याला कळलं होतं, आंब्याखालच्या प्रत्येक पुरुषाला कळलं होतं. पण कोणी तोंड उघडलं नाही, आणि साहेबाने घड्याळ बघून काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते दुकानाच्या भिंतीवर कागद लागला तेव्हा समजलं. बिबियानाने वाचून दाखवलं: "बैठकीस महिला उपस्थित होत्या. नंतर त्या आपापल्या कामास निघून गेल्या. कोणीही हरकत घेतली नाही."

"पुन्हा वाच," कोलेटा म्हणाली.

बिबियानाने पुन्हा वाचलं.

"कामाला? कुठल्या कामाला गं? सूर्य डोक्यावर असताना वीस बायका एकदम कुठल्या कामाला जातात? मुतायला?"

दुकानदार हसला. कोलेटाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू ओठातच राहिलं.

त्या साहेबाला आमची रीत माहीत नव्हती, असं म्हणणारे भेटतात. माहीत नव्हती तर विचारायची होती. वीस बायका पाठ फिरवून जातात आणि माणसाला 'का हो' एवढंसुद्धा विचारावंसं वाटत नाही? त्याने विचारलं नाही, कारण न विचारण्यातच त्याची सोय होती. आणि कागदाची तऱ्हा पाहा: हरकतीला बैठकीपासून तीस दिवसांची मुदत, आणि कागद लागला तेव्हा त्यातले पंचवीस उलटून गेले होते. शहर होडीने दोन दिवसांवर. ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांना कंपनीची बोट होती. 'नाही' म्हणणाऱ्यांना वल्ही.

धाकटा म्हणाला, "ताई, मी नेतो." बहीणभाऊ एकटे एका होडीत बसत नाहीत, म्हणून बिबियाना मध्ये बसली, कोलेटा पुढे आणि धाकटा मागे. वारा उलटा होता. दोन दिवसांचे चार झाले. शेवटच्या दिवशी दुपारी तिघं कचेरीत पोचले तेव्हा कोलेटाच्या तळहातांची सालं निघाली होती.

कारकून तरुण होता, दुसऱ्या बेटावरचा, वाईट म्हणावा असा नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"मावशी, तुमचं नाव?"

"कोलेटा."

"हरकत कोणाविरुद्ध? जमिनीच्या वतीने सही कोणी केली?"

"माझ्या पोरांच्या मामाने."

"नाव सांगा."

कोलेटाने मान खाली घातली. धाकटा पुढे झाला. "मी सांगतो, लिहा."

"तुम्ही हरकतदार आहात का? सही तुमची होणार का?"

"आईचा अंगठा घ्या, नाव मी सांगते," बिबियाना म्हणाली.

"तसं चालत नाही, ताई. हरकतदाराने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि मी ऐकलं असं मी लिहायचं. मागे कोणीतरी भलत्याच माणसाचं नाव घातलं होतं, तेव्हापासून नियम केलाय."

"अहो, ती नाव घेऊ शकत नाही! भाऊ आहे तिचा," धाकटा म्हणाला. "तुमच्याकडे बहिणी घेतात का?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. त्याच्या बेटावरही घेत नसाव्यात, कारण त्याने नजर टेबलाकडे वळवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून हळू म्हणाला, "चारला खिडकी बंद होते, मावशी. उद्या घेता येणार नाही."

बायकांनी गप्प राहून 'नाही' म्हटलं तर ते सरकारला ऐकू येत नाही. आणि ऐकू यावं असं म्हणायचं, तर आधी भाऊ कापून टेबलावर ठेवा. असला कायदा कोणी केला असेल? ज्याने केला त्याला बहीण नसेल, नाहीतर लाज नसेल.

कोलेटा म्हणाली, "धाकट्या, बाहेर जा."

तो गेला नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"बोनिफास," कोलेटा म्हणाली.

बावन्न वर्षांत तिने ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि तिचा आवाज इतका बारीक निघाला की कारकुनाला समजलंच नाही.

"पुन्हा सांगता, मावशी?"

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने.

हरकतीची सुनावणी दोन महिन्यांनी झाली. आधी न्यायाधीशाने तिची हरकत वाचली. "कोलेटा यांनी बोनिफास यांचं नाव घेऊन सांगितलं की..." इथवर आला आणि खोलीतले आमचे सगळे लोक थिजले. थोरला समोरच बसला होता. त्याने प्रथम बहिणीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"तुम्हाला काही बोलायचंय?" न्यायाधीशाने विचारलं.

"बोलायचंय," कोलेटा म्हणाली आणि उठली. तिने न्यायाधीशाकडे पाहिलंच नाही, भावाकडे पाहिलं. "तुझं नाव घेऊन झालंय, आता बाकी काय झाकायचं? 'हो' सांग असं तुला म्हटलं होतं का मी? आईने मरताना ओढा कोणाच्या हाती दिला, सांग ना! तू तिथेच होतास, तिचे पाय धरून रडत होतास. मी गप्प बसले ती तुझी अब्रू राखायला. आणि तू माझं गप्प बसणं विकलंस! तांदळाला विकलंस!"

"विषयाला धरून बोला," कंपनीचा वकील म्हणाला.

"हाच विषय आहे. तुम्हाला बायकांचं बोलणंच हवं होतं ना? मग लिहा आता. भरभर लिहा, मी थांबणार नाही."

ती थांबली नाही. झाड न् झाड कोणी लावलं ते तिने सांगितलं, ओढा कुठे उगम पावतो ते सांगितलं, आणि वीस बायका कुठल्या कामाला गेल्या होत्या तेही सांगितलं. थोरला मध्येच उठून निघून गेला. न्यायाधीशाने झाडतोडीचा परवाना थांबवला.

गावाने डुक्कर कापलं. कोलेटाने त्यातला तुकडाही तोंडात घातला नाही. थोरला बायकोच्या गावी राहायला गेला, तो परत आलाच नाही. बिबियानाच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मुलाकडच्यांनी देज म्हणून शंखमण्यांच्या माळा आणल्या. त्या पहिल्यांदा थोरल्या मामाने हातात घ्यायच्या असतात. बराच वेळ त्या चटईवरच पडून होत्या. शेवटी धाकट्याने घेतल्या, आणि सगळ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा आली. नाव नवं होतं, बोट तीच होती. या वेळी ते धाकट्याकडे गेले.

कोलेटा मळ्यात होती. धाकटा आला आणि रिवाजाप्रमाणे दूर, तिच्याकडे पाठ करून ओंडक्यावर बसला.

"ताई, त्यांनी होडीला मोटर दिलीय," तो म्हणाला. "मागे वल्हवताना तुझे हात कसे झाले होते, आठवतं ना? दवाखान्यात न्यायलाही बरी पडेल."

"सही केलीस?"

"नाही. अजून नाही."

कोलेटाने खुरपं खाली ठेवलं.

"परत देऊन ये रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे धाकट्याने प्रथमच वळून तिच्याकडे पाहिलं. "तुझं नाव मला घ्यायला लावू नकोस. मला दुसरा भाऊ नाही."