मगर धरली तेव्हा मी बाभळीवर होतो

आमच्या गावच्या वेशीवर सिमेंटची मगर आहे. तिच्या पाठीवर पाय ठेवून उभा असलेला सिमेंटचा माणूस मी. कारागिराने मला मिशा जास्त दिल्या आणि मगरीला दात कमी. शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेचं उद्घाटन, शाल मला ठरलेली. कपाट भरल्यापासून बायको त्या शाली थंडीत म्हशींच्या पाठीवर घालते. म्हशी रुबाबदार दिसतात.

तरुणपणी आम्ही चौघांनी कृष्णेतली मगर धरली, असं गाव सांगतं. धरली ती आमच्यातल्या एकट्या नावाड्याने. डोळे झाकले की मगर मवाळते, हे त्याला बापाकडून ठाऊक. त्याने ओलं पोतं तिच्या डोळ्यांवर टाकलं आणि वर स्वतःला झोकून दिलं. त्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पैलवानाने शेपूट दाबली. चौथा दोर आणायला गेला तो जेवूनच आला. मी बाभळीवर होतो. मगरीचं तोंड बांधून झाल्यावर उतरलो आणि पाठीवर पाय ठेवला. तेवढ्यात फोटोवाला पोचला. नावाड्याला तोवर दवाखान्यात नेलं होतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर ते नुसतं भित्रेपण झालं असतं. पण लोक बोटांबद्दल विचारू लागले. मगरीच्या तोंडाशी कुणाचा हात होता, हे त्यातून उघड झालं असतं. म्हणून मी सांगितलं, ‘पिऊन गुऱ्हाळावर गेला, चरकात हात घातला.’ नावाडी दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. पण तो चालवायचा ती नाव माझ्या वडिलांच्या मालकीची होती, त्यामुळे तो गप्प राहिला. त्याची लेक दारुड्याची पोर म्हणूनच वाढली. तिची दोन स्थळं त्यापायी परत गेली.

गेल्या उन्हाळ्यात घाटावर पुन्हा मगर आली. कुत्रं नेलं. बायकांनी धुणं बंद केलं. सरपंच घरी आले.

“आण्णा, तुमची टीम बोलवा.”

“वनखात्याला कळवा की.”

“कळवलंय. ती लोकं पिंजरा घिऊन उद्या येत्यात. पण सत्काराचे पाहुणे आज हायत. पाच वाजता निघणार. मगर साडेचारपर्यंत झाली पायजे.”

मगर धरल्याबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स सकाळीच लागला होता. मला नाही म्हणता आलं नाही. आयुष्यभर तेच झालं.

टीम जमली. चौथा वारला होता. त्याच्या मुलाने फोटो पाठवला, तो हार घालून खुर्चीवर ठेवला. पैलवान दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून आला. नावाडी इस्लामपूरला लेकीकडे असतो. तो एसटीने आला, काखेत पोतं घेऊन. पंचाहत्तरीचा माणूस. पोतं बघितलं तेव्हा कळलं: ह्याला आपण खरंच परत मगरीपुढे घालणार होतो.

घाटावर सरपंचांनी माझ्या हातात माईक दिला. नावाडी पोतं भिजवायला पायऱ्या उतरू लागला. मी म्हणालो, “थांबा. मगर ह्याने धरली होती. मी बाभळीवर होतो. ह्याची बोटं मगरीने खाल्ली. चरकाची गोष्ट मी रचली.”

मग पाहुण्यांनी टाळी वाजवली. “काय हा विनय! सगळं श्रेय सहकाऱ्याला!” सगळा घाट टाळ्या वाजवू लागला.

“आवं, खरंच बाभळीवर हुता!” पैलवान ओरडला. “फांदी वाकली हुती!”

लोक हसून लोळले. मला शाल मिळाली.

नावाड्याचा एक पाय पाण्यात होता. मी धावत उतरलो, पायरीवर बसकण मारली आणि त्याचं धोतर धरलं.

“सोड रं, फिटंल.”

“फिटू दे. तू जायचं न्हाईस.”

समोरच्या वाळूवर मगर पडली होती. बँडवाल्यांनी सलामी सुरू केली, तशी ती उठून पाण्यात गेली आणि पुन्हा दिसली नाही. मगर गेली हे खरंच, म्हणून फ्लेक्स राहिला. पाहुणे वेळेत निघाले.

नावाडी माझ्याशेजारी बसला. “हितं सांगून काय उपेग, गड्या? माझ्या लेकीला सांग. मी सांगितलं तर म्हणती, दारुडं असंच बोलतंय.”

दुसऱ्या दिवशी नावाड्याबरोबर इस्लामपूरला गेलो. लेकीने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, बाभळीसकट. चहा निवला. ती बापाच्या हाताकडे बघत होती.

“मी त्येंच्या तोंडाचा वास घ्यायची,” ती म्हणाली. “रोज सांजचं. कवाच आला न्हाई. तरी वाटायचं, लपवत्यात.”

मी हात जोडले.

“हात नका जोडू, आण्णा. लिहून द्या. तोंडानं बोललात की लोक टाळ्या वाजवत्यात.”

तिने आपल्या मुलीची वही फाडून कागद पुढे केले. तिथेच लिहायला बसलो. नावाडी समोर बसून होता. लिहून झालेलं पान लेक त्याला मोठ्याने वाचून दाखवत होती, आणि चूक असेल तिथे तो मला थांबवत होता.