कट्ट्यावरच्या समुपदेशक बाई

आमच्या कार्यालयाशेजारी एका समुपदेशक बाईंची खोली आहे. कॉलेजच्या मुली आल्या की त्या खाली सतरंजीवर बसतात. आजऱ्याकडच्या सासू-सुनांना आधी मनसोक्त भांडू देतात, मग चहा सांगतात.

उचगावच्या एका म्हशीवाल्या काकांपुढे मात्र यातलं काहीच चाललं नाही. बायको गेल्यापासून काका घरात कुणाशी बोलत नव्हते. लेकीनं त्यांना दोनदा आणलं. दोन्ही वेळा ते पंख्याकडे बघत बसले. जाताना जिन्यात लेकीला म्हणाले, "आता परत येणार न्हाय."

त्या संध्याकाळी मी दूध कट्ट्यावर गेलो, जिथं म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तर बाई पेला घेऊन काकांच्या म्हशीपाशी उभ्या. काका पाठमोरे बसून धार काढत होते.

"कच्चं दूध सोसंल का मॅडम?"

"कोल्हापूरचीच हाय की मी. भरा काठोकाठ."

"काठोकाठ कुठलं? पान्हा चोरतीया. हिला मालकिणीच्या हाताची सवय."

"आणि तुम्हाला?"

धार थांबली. "मला बी," काका म्हणाले, आणि मान न वळवता बोलत राहिले.

मागे गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. बाईंनी भरून आलेला पेला घटाघटा संपवला आणि जागा न सोडता दुसरा मागितला.