पंपरूमवरची उडी

संपानंतर गिरणी सुटली आणि माझ्या वडिलांना विक्रोळीतल्या एका कारखान्याच्या गेटवर काम लागलं. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्यांची झडती घ्यायची. डबे उघडायचे, पिशव्या चाचपायच्या, मिटलेली छत्री उघडून झटकायची. दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन भोळा कसा होणार? कोणी पेढे आणून दिले तरी ते आधी विचारायचे, "कशाबद्दल?" मी त्यांचीच मुलगी. मैत्रिणीने अर्धी बोरं पुढे केली तर मी तिच्या हातात उरलेली अर्धी आधी बघायची.

आमच्या आवारात पुढे ऑफिसातल्या लोकांच्या दोन बिल्डिंगी होत्या आणि मागे आमची चाळ. मध्ये पंपरूम. गणपती मात्र दोघांचा मिळून एकच बसायचा आणि सातव्या दिवशी संध्याकाळी नाटक व्हायचं. नाटक दर वर्षी नवं, पण हिरो ठरलेला: मुखवटेवाला. पुढच्या बिल्डिंगीतल्या एका बँकेतल्या काकांनी तो काढला होता. आम्ही त्यांना लेखककाका म्हणायचो. मुखवटेवाल्याने भिंतीला कान लावला की नळाच्या पाइपातून त्याला कुठल्याही बिऱ्हाडातलं रडणं ऐकू यायचं. तो येण्याआधी वायरमन मेन स्विच दोनदा खालीवर करायचा, आणि सगळी पोरं किंचाळायची. रॉकेलचा काळाबाजारवाला, दुधात पाणी घालणारा भय्या, खोल्या बळकावणारा बिल्डर, असे सगळे त्याने एकेका वर्षी लोळवले होते.

शेवट कधी बदलला नाही. मुखवटेवाला पंपरूमच्या छतावर चढायचा आणि तिथून खाली स्टेजवर उडी मारायचा. पुठ्ठ्याची एक रंगवलेली भिंत असायची, तिच्यामागे गाद्या. क्षणभर तो दिसेनासा व्हायचा, मग भिंतीमागून उभा राहायचा, मुखवटा काढायचा आणि सांगायचा की मी परदेशातून शिकून आलेला एक इंजिनिअर. दोन वाक्यं इंग्रजीत. मुखवट्यातून दर वेळी पुढच्या बिल्डिंगीतला कोणीतरी गोरा मुलगा निघायचा, शेवटची तीन वर्षं तर सोसायटीच्या सेक्रेटरींचाच. आम्ही मागची पोरं गर्दीत असायचो. मी एकदा भय्याच्या म्हशीचे मागचे पाय झाले होते.

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी मागच्या चाळीने वेगळा गणपती बसवायचं मनावर घेतलं. सगळ्यात मोठा आवाज माझ्या वडिलांचा होता. लगेच कॅरमच्या खोलीत मीटिंग लागली आणि तिथे लेखककाकांनी जाहीर केलं, की यंदा मुखवट्याआड इंजिनिअर नसेल. यंदा तिथे गिरणी कामगाराची मुलगी असेल, आणि ते काम मागच्या चाळीतलीच मुलगी करेल.

मी दारात उभी राहून ऐकत होते. पुढच्या बिल्डिंगीतल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं तो इंजिनिअर आहे. एकदम मुलगी कसा होईल? पोरांनी काय समजायचं?"

कोणी म्हणालं, "त्यांच्यासाठी एखादा नवा हिरो काढा ना. जुन्याची वाट कशाला लावता?"

"नव्याला टाळ्या कोण वाजवणार? तुम्ही?" हे आमच्या शेजारचे मामा.

"मुखवटाच आहे ना यार," वायरमन म्हणाला, "आत कोणी का असेना."

"मग एवढी वर्षं आत पुढच्यांचाच कसा असायचा रे?" मामांनी विचारलं. मग सेक्रेटरींनी चहा मागवला.

माझी निवड झाली. कारण उघड होतं. पंपरूमच्या छतावरून मागच्या वाळूच्या ढिगावर उड्या मारण्यात माझा हात धरणारं आवारात कोणी नव्हतं. त्यासाठी मी आईचा मारही खाल्ला होता. आता तीच उडी मी सगळ्यांसमोर, लाइट लावून, अंगात झगा घालून मारणार होते. मला दुसरं काही नको होतं. ते इंग्रजी नाही, हार नाही, फोटो नाही. फक्त ती उडी.

घरी मात्र कोणी नाचलं नाही. "आमची आठवण आत्ताच कशी इली ह्यांका?" आई म्हणाली. मुखवटेवाल्याचा झगा दर वर्षी तीच शिवायची, छत्रीच्या काळ्या कापडाचा. यंदा सेक्रेटरींकडून दोन झग्यांचं आणि दोन मुखवट्यांचं कापड आलं. माप एकच, माझं.

"दोन कित्याक?" वडिलांनी विचारलं.

"एक फाटलो तर दुसरो, असा म्हणतत."

वडिलांनी कापड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "सहा वर्षांत एकदाय फाटलो नाय," ते म्हणाले.

तालमीत पंधरा दिवस मी फक्त मुखवटा काढत होते आणि शेवटची वाक्यं बोलत होते. उडीचं नाव निघेना. शेवटी मी लेखककाकांना गाठलं. ते चांगले माणूस होते, त्यांना खोटं बोलता यायचं नाही. उडीपर्यंतचा सगळा मुखवटेवाला सेक्रेटरींचा मुलगा करणार होता. आम्ही दोघं एकाच उंचीचे. तो उडी मारून भिंतीमागे पडला की तिथे आधीच बसलेली मी उभी राहणार आणि मुखवटा काढणार. "तुला काही लागलं तर तुझ्या वडिलांना आम्ही काय सांगू?" ते म्हणाले. "आणि हे घरी बोलू नकोस बाळा. मजा जाईल."

म्हणजे मुखवट्याआड मी असणार होते ती फक्त मुखवटा काढण्यापुरती. मला इतका राग आला की घरी जाऊन मी जेवले नाही. पण काम सोडलंही नाही आणि घरी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर वडिलांनी त्याच दिवशी वेगळा गणपती आणला असता, आणि माझं तेवढं उभं राहणंही गेलं असतं. मी हिशेबी होते, कबूल करते.

माझा सगळा संशय सेक्रेटरींच्या मुलावर होता. चौदा वर्षांचा, शांत, कधी तोंड वर करून बोलायचा नाही. मला वाटायचं, ह्यानेच बापाच्या मागे लागून हे करवलं असणार. तालमीत तो मला पाणी आणून द्यायचा, ते मी प्यायचे नाही.

नाटकाच्या संध्याकाळी आम्ही दोघं पंपरूमच्या मागे उभे होतो, दोघंही काळ्या झग्यात. समोर पटांगण भरलं होतं. माझे आईवडील दुसऱ्या रांगेत होते. शेवटचा प्रवेश सुरू झाला तसा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू मार उडी."

"का?"

"तुझी चांगली आहे. मी बघितलीय, वाळूवरची. आणि माझा पाय मुरगळलाय काल."

मी त्याच्या पायाकडे बघितलं. झग्याखाली काय दिसणार? "गाद्या कोणी लावल्या?"

"मी."

"तुझ्या बाबांना माहितेय?"

"नाही. जा ना, लवकर."

माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. गाद्या ह्यानेच लावल्या. पाय मुरगळला असता तर सकाळी आरतीला टाळ घेऊन उभा कसा राहिला? मी पडणार, सगळ्यांसमोर पडणार, आणि हे लोक म्हणणार, बघा, म्हणूनच इंजिनिअर बरा होता. कुठल्याही डब्यात काहीतरी लपवलेलं असतंच, हे मी घरात शिकले होते.

"तूच मार," मी म्हणाले, आणि वाकून भिंतीमागे जाऊन बसले.

बसल्यावर हात सहज गादीवर पडला. एकावर एक तीन गाद्या होत्या. सरकू नयेत म्हणून सुंभाने नीट बांधलेल्या. वरची नवी होती, तिच्यावरची फुलांची खोळ मी त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली पाहिली होती. त्याने ती घरातून आणली होती. मी मान वर केली. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वायरमनने स्विच दोनदा मारला आणि पोरं किंचाळली. छताच्या कडेला तो काळा झगा दिसला. तो एका पायावर भार देऊन उभा होता.

तो पडला तेव्हा त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मग त्याने ओठ दाबले आणि हाताने मला खूण केली, ऊठ.

मी उठले. मुखवटा काढला. मागची चाळ वेडी झाली. मामा शिट्ट्या वाजवत होते. वडील, माझे वडील, खुर्चीवर उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "माझा चेडू! बघलास उडी?" मी वाक्यं म्हटली. कोणालाही ऐकू गेली नाहीत. माझ्या पायाशी भिंतीच्या आडोशाला तो घोटा धरून पडला होता, पडदा पडेपर्यंत.

वेगळा गणपती बसला नाही. विसर्जनाला सेक्रेटरींचा मुलगा टेम्पोत मूर्तीशेजारी पाय लांब करून बसला होता. घोट्याला बँडेज होतं. जिन्यावरून पडला, असं त्याने घरी सांगितलं होतं. मी टेम्पोच्या बाजूने चालत होते. त्याने मला प्रसाद दिला आणि मी तो खाल्ला. तेवढंच मला करता आलं. तोंडाने सॉरी निघालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मुलुंडला घर घेतलं.

वडील ती उडी आयुष्यभर सांगत राहिले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, माझ्या लग्नाच्या बैठकीत, हॉस्पिटलात नर्सला. उंची दर वेळी हातभर वाढायची. त्या नर्सला सांगितलं त्या दुपारी मला सहन झालं नाही. ती गेल्यावर मी खाटेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. दोन झगे, मुरगळलेला पाय, सुंभ, फुलांची खोळ. म्हटलं, बाबा, उडी मी मारलीच नाही. तो मला देत होता आणि मी घेतली नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गेटवर एखाद्याच्या पिशवीकडे बघायचे तसे.

"ह्या बोलूक तुका कोणी सांगल्यान?" त्यांनी विचारलं.